घरच्या चार वाफ्यांना विहिरीचं पाणी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पुण्याच्या पूर्वेला, अंजिराच्या पट्ट्यातल्या एका गावातून एका शेतकरी ताईंनी लिहिलं आहे. गाव आणि योजना ओळखू येईल असं सगळं वगळलं आहे. त्यांचं दोन एकर अंजीर आहे आणि एक एकर भाजीपाला. माघ सरता सरता विहीर तळ गाठते, आणि मीठा बहार, म्हणजे अंजिराचं उन्हाळ्यात निघणारं पीक, नेमका तेव्हाच पाणी मागतो. आता नदीवरून उपसून आणलेलं पाणी त्यांच्या बांधापर्यंत येऊ घातलं आहे. नदीत वरच्या शहराचं सांडपाणी येतं, थोडं प्रक्रिया होऊन, थोडं तसंच. पाण्यावर कधी फेस असतो, कधी नसतो. शेजाऱ्यांनी ते घेतलं आणि त्यांची मेथी काळीभोर आली. पाइपलाइनच्या वाट्याचे पैसे महिनाअखेरपर्यंत भरायचे आहेत. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, भरायला तयार आहेत. सासूबाई म्हणतात, त्या पाण्यावरचं फळ मी देवापुढे ठेवणार नाही. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या ओळखीनं चाळीस घरांत दर शनिवारी यांची भाजी जाते, हंगामात अंजीर जातं. तो म्हणतो, गिऱ्हाइकांना आपणहून काही सांगू नकोस. ताई शेवटी लिहितात: “घरच्यापुरते चार वाफे विहिरीच्या पाण्यावर राखायचं ठरवलंय. बाकीच्याला ते पाणी दिलं तर चालेल का? आणि लोकांना सांगायलाच हवं का?”

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या चार वाफ्यांशी थांबले. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्या लेकरांच्या ताटात काय जावं याची काळजी आईला असणारच. पण ते वाफे आखताना तुम्ही तुमच्याच प्रश्नाचं अर्धं उत्तर देऊन टाकलंय. हे पाणी सरसकट सगळ्याला देऊन चालणार नाही, हे तुम्हाला मनातून ठाऊक आहे. उरलेलं अर्धं उत्तर मात्र तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच आशेचं आहे. ते पाणी वापरता येईल. कशाला, कसं आणि काय करून, एवढंच नीट ठरवायला हवं.

तुमच्या घरात या पाण्यावरून दोन बाजू पडल्यात. मालकांच्या मते ते पाणी आहे, सासूबाईंच्या मते ती घाण आहे. दोघंही पाणी कुठून आलं तेवढंच पाहतायत. ते कुठून आलं यापेक्षा वाटेत त्याचं काय झालं आणि तुमच्या शेतात ते नेमकं कशाला लागणार, हे दोन प्रश्न मला जास्त मोलाचे वाटतात.

आधी वाटेत काय होतं ते बघू. सांडपाणी ‘प्रक्रिया केलेलं’ आहे असं कुणी म्हणालं की कुठवर केलेलं, हे विचारायचं. पहिल्या टप्प्यात चाळण्या लावून आणि पाणी संथ ठेवून गाळ खाली बसवतात. दुसऱ्यात हवा खेळवून जिवाणू वाढवतात आणि त्यांच्याकडून पाण्यातली सेंद्रिय घाण खाववतात. इथवर आलं की पाणी दिसायला बरं दिसतं, वासही कमी होतो, पण रोगजंतू आणि जंतांची अंडी त्यात राहू शकतात. तिसऱ्या टप्प्यात बारीक गाळण आणि क्लोरीन किंवा अतिनील किरण. कच्च्या खायच्या भाजीला देता येण्याजोगं पाणी या तिसऱ्या टप्प्यानंतर मिळतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालात देशातल्या शहरांचं रोजचं सांडपाणी ७२,३६८ दशलक्ष लिटर धरलंय, आणि त्यातलं प्रत्यक्ष प्रक्रिया होणारं २०,२३६ दशलक्ष लिटर. उरलेलं नाल्यांतून नदीत जातं. म्हणजे शहराच्या खालच्या अंगाला नदीतून उपसलेलं पाणी म्हणजे चांगल्यावाईटाची मिसळ, आणि त्या मिसळीचं माप रोज बदलतं. फेस कधी असतो, कधी नसतो, असं तुम्ही लिहिलंत. त्यातलं ‘कधी नसतो’ हे मला जास्त खटकलं. पाणी रोज सारखंच वाईट असतं तर त्याचा बंदोबस्त सोपा होता. रोज वेगळं येणाऱ्या पाण्याला एका दिवसाच्या तपासणीवरून चांगलं म्हणता येत नाही.

जगात हे पाणी वापरून लोक फसलेत आणि निभावलेतही. जेरुसलेममध्ये १९७० साली पटकी (कॉलरा) पसरली. शोध घेतला तेव्हा शहराच्या कच्च्या सांडपाण्यावर वाढवलेल्या सॅलडच्या भाज्यांपाशी माग लागला: लेट्यूस आणि पार्सली. पार्सली म्हणजे त्यांची कोथिंबीर समजा, तशीच वरून कच्ची भुरभुरायची. चिलीच्या सांतियागो शहरात प्यायचं पाणी चांगलं होतं, तरी वर्षानुवर्षं विषमज्वर (टायफॉइड) हटत नव्हता. आजूबाजूच्या मळ्यांना कच्चं सांडपाणी जायचं आणि त्यातल्या भाज्या शहराच्या पानात यायच्या. १९९१मध्ये पटकीच्या भीतीनं सरकारनं त्या पाण्यावर कच्च्या खायच्या भाज्या घेणं बंद पाडलं आणि विषमज्वरही झपाट्यानं उतरला. विषमज्वर कुणी दारात घेऊन येत नव्हतं, तो भाजीच्या जुडीतून घरात शिरत होता.

आता दुसरी बाजू. त्याच इस्राएलमध्ये आज जवळजवळ ९० टक्के सांडपाणी प्रक्रिया करून शेतीला जातं. तेल अवीवच्या भागातलं पाणी शुद्ध करून वाळूत मुरवतात, काही महिन्यांनी विहिरींतून उपसतात आणि दक्षिणेच्या वाळवंटाकडच्या शेतांना पाठवतात. कॅलिफोर्नियात कॅस्ट्रोविलच्या परिसरात आधी पाच वर्षं शेतांवर प्रयोग केले आणि १९९८पासून सुमारे १२,००० एकरांना असं पाणी सुरू केलं. त्यावर लेट्यूस, फ्लॉवर, स्ट्रॉबेरी पिकते. पण ते तिसऱ्या टप्प्याचं पाणी आहे, हे विसरायचं नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या कोलारमध्ये बंगळुरूचं दुसऱ्या टप्प्यापर्यंतचं पाणी २०१८पासून तलावांत सोडतात. ते थेट पिकाला द्यायचं नाही, जमिनीत मुरवायचं आणि शेतकऱ्यानं विहीर-बोअरमधून उपसायचं, अशी ती योजना आहे. वेळ आणि माती या दोन गोष्टी तिथं मध्ये घातल्या आहेत.

सासूबाईंशी बोलताना हे सगळं सांगू नका, त्या देशांशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांना सोनखताबद्दल विचारा. माणसाचा मैला शेतात घालण्याला आपल्याच भाषेनं सोनखत म्हटलंय. तो कुजवून, मुरवून घालायचा हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे सासूबाईंचा नकार मी अडाणीपणात काढणार नाही. न मुरलेली घाण देवापुढे नको, असा त्याचा अर्थ घेतला तर त्या बरोबर बोलतायत, आणि त्याच अर्थानं तुमच्या गिऱ्हाइकांपुढेही ती नको.

आणखी एक गोष्ट तुम्ही न तपासता धरून चाललायत. विहिरीचं पाणी चांगलं, असं. असेलही. पण विहीर ओढ्याच्या काठावर असेल, वरच्या अंगाला गोठा किंवा शौचालयाचा खड्डा असेल, तर त्या चार वाफ्यांतही तेच जंतू येऊ शकतात, आणि तुम्ही निर्धास्त म्हणून जास्त कच्चं खाल. एकाच दिवशी दोन्ही पाण्यांचे नमुने द्या.

आता शेताकडे येते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६मध्ये सांडपाण्यावरच्या शेतीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांची विचार करायची रीत मला फार पटते. सगळी सफाई एकट्या शुद्धीकरण केंद्रावर सोडायची नाही. केंद्रापासून ताटापर्यंत एकामागून एक अडसर घालायचे आणि प्रत्येकानं जंतू किती पटीनं कमी होतात ते मोजायचं. कच्च्या खायच्या मालासाठी सगळं मिळून दहा लाख ते एक कोटी पट घट हवी. जमिनीलगतच्या पिकाला ठिबक केलं तर शंभर पट घट धरतात. उंच पिकाला, ज्याचं फळ मातीला टेकत नाही त्याला, ठिबकनं दहा हजार पट. शेवटचं पाणी आणि काढणी यांत अंतर ठेवलं की ऊन, वारा, कोरडेपणा यांनी रोज तीन ते शंभर पट. स्वच्छ पाण्यात धुतल्यानं फक्त दहा पट. सोलून खाल्ल्यानं शंभर पट. शिजवल्यानं दहा लाख पट आणि वर.

या हिशोबात तुमची मेथी बसवा. पाटपाणी दिलं तर पहिला अडसर शून्य. गेल्या वर्षी एका पालकाच्या वाफ्याशी बसले होते. पाट नुकताच फिरून गेला होता. खालचं एक पान उलटं केलं तर मागच्या शिरेच्या दोन्ही बाजूंना मातीची बारीक रेघ बसलेली. अंगठ्यानं पुसली, पानावरची गेली, शिरेच्या खोबणीतली तशीच राहिली. तिथं पाण्याचा हात पोचत नाही, नळाखाली धरूनही नाही. मेथी-पालक शिजवून खातात म्हणून निभावतं, असं तुम्ही म्हणाल. बरंचसं निभावतं. पण मेथी आपल्याकडे पिठल्या-भाकरीशी कच्चीही खातात. तीच जुडी ज्या विळीवर निवडली त्याच विळीवर मागाहून काकडी चिरतात. आणि कोथिंबीर तर कच्चीच खायची, तिच्यासाठी शिजवण्याचा अडसर नाहीच.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. आज जसं पाणी येतंय तसं असताना मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, कांद्याची पात, काकडी यांना ते देऊ नका. शेजाऱ्यांची मेथी काळीभोर आली ती त्या पाण्यातल्या नत्रामुळे. पानाचा रंग तुम्हाला खताबद्दल सांगतो, जंतूंबद्दल काहीच नाही. शिवाय वरच्या अंगाला कारखाने असतील तर पालेभाज्या कॅडमियमसारखे धातू फळांपेक्षा जास्त ओढून घेतात, आणि ते धुऊन किंवा शिजवून जात नाहीत.

अंजिराचं गणित निराळं आहे आणि तिथं मी मालकांच्या बाजूनं आहे. झाड उंच, फळ जमिनीपासून वर, ठिबक असेल तर पाणी फळाला शिवतच नाही. झाले दहा हजार पट. गिऱ्हाईक धुऊन खाणार, आणखी दहा. राहिलेली दहा ते शंभर पट घट तुम्हाला पाणी शेतात येण्याआधी मिळवायची आहे, आणि ती शेततळ्यात मिळवता येते.

मात्र अंजीर हे डाळिंबासारखं जाड सालीचं किंवा सीताफळासारखं फोडून खायचं फळ नाही. ते सालीसकट खातात, आणि त्याच्या खालच्या टोकाला डोळा असतो. पिकत आलं की तो डोळा उघडतो. हाताचा अंगठा तिथंच लागतो, माशी तिथंच बसते. म्हणून काही पथ्यं कडक पाळायची. खाली पडलेलं अंजीर कितीही छान दिसलं तरी पाटीत टाकायचं नाही. जमिनीकडे झुकलेल्या फांद्या छाटणीतच काढायच्या. ठिबकच्या नळीखालची ओल झाकायला बुंध्याशी पाचटाचं आच्छादन घालायचं, म्हणजे वळवाच्या सरीनं चिखल फळांवर उडणार नाही. पाटीत खाली अंजिराचीच पानं घालत असाल तर ती खालच्या, मातीला टेकलेल्या फांद्यांची नकोत. आणि ज्या हातांनी सकाळी ठिबकच्या नळ्या ओढल्या, तेच हात तसेच फळाला लावायचे नाहीत. बांधावर विहिरीच्या तपासलेल्या पाण्याचा एक कॅन आणि साबणाची वडी टांगून ठेवा.

शेततळ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथंच बहुतेकांचं चुकतं. पाणी तळ्यात साठवलं म्हणजे झालं, असं नाही. एकीकडून पाणी पडतंय आणि दुसरीकडून मोटर ओढतेय, असं चाललं तर आज आलेलं पाणी आजच झाडाशी जातं. तळं भरायचं, भरणं बंद करायचं आणि आठ-दहा दिवस पाणी हलू द्यायचं नाही. जंतांची अंडी पाण्यापेक्षा जड, ती तळाशी बसतात. उन्हानं जिवाणू घटतात. मग उपसा करायचा तो वरच्या थरातून. फूटव्हॉल्व्ह (मोटरच्या ओढनळीचं तोंड) तळाशी टाकू नका, तरंगत्या ड्रमला बांधून हात-दीड हात खाली लोंबता ठेवा. हे जमायला तळ्याचे दोन कप्पे लागतात, एक मुरतंय तोवर दुसऱ्यातलं वापरायचं. अस्तरीकरण केलेलं असावं, नाहीतर तळ्यातलं पाणी पाझरून तुमच्याच विहिरीत उतरेल. कडेनं जाळी मारा, आणि मुलांना त्या पाण्यात पोहू देऊ नका. तळाचा गाळ काढाल तेव्हा तो भाजीच्या वाफ्यात नेऊन टाकू नका, सगळी अंडी त्यातच बसलेली असतात.

आता तुमच्याबद्दल. सगळ्या पत्रात तुम्हाला काळजी आहे ती घरच्यांची आणि गिऱ्हाइकांची. त्या पाण्यात सगळ्यात जास्त वेळ कोण उभं राहणार? तुम्ही, आणि खुरपायला येणाऱ्या बाया. अंकुशकृमी हा जंत अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो, त्यासाठी काही खावं लागत नाही. गोल जंताची अंडी ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात, नखांत बसतात आणि तोंडात जातात. मिश्री लावताना, तंबाखू मळताना, बांधावर भाकरी खाताना. त्या पाण्याच्या शेतात गमबूट घालायचे, हातमोजे घालायचे, पायाला चीर पडली असेल तर त्या दिवशी वाफ्यात उतरायचं नाही. मजूर बायांसाठीही दोन-तीन जोड घेऊन ठेवा. सारखा थकवा वाटत असेल, तपासणीत रक्त कमी निघत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आम्ही सांडपाण्याच्या शेतात काम करतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जंताच्या गोळ्या कधी आणि किती घ्यायच्या ते तेच सांगतील. घरातल्या लहान मुलांना शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला गोळी मिळते, ती चुकवू देऊ नका.

जमिनीचंही एक गणित आहे. सांडपाण्यात मीठ आणि सोडियम येतं, कपड्यांच्या साबणातून बोरॉन येतं. अंजीर आणि डाळिंब खारेपणा बऱ्यापैकी सोसतात. घेवडा, कांदा, गाजर लवकर रडतात. पाण्याची ईसी, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप, ०.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असली तर काळजी नाही. ०.७ ते ३ या टप्प्यात जपून वापरायचं, पावसाळ्यात जमीन चांगली धुऊन निघेल असा निचरा ठेवायचा. ३च्या वर गेली तर ते पाणी फळबागेलाही नको. सोडियम जास्त असलं तर काळी जमीन चिकट होते, पाणी वरच थबकतं. असं दिसू लागलं की माती तपासून जिप्समचा विचार करा.

नत्राचा मात्र फायदा घ्या. समजा पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नत्र निघालं आणि हंगामात एकराला २० लाख लिटर पाणी दिलंत, तर ४० किलो नत्र पाण्याबरोबरच गेलं. म्हणजे युरियाच्या जवळजवळ दोन गोण्या. तेवढा युरिया वजा करा. वजा केला नाहीत तर पाला माजतो, आणि फळ भरत असताना नत्र-पाणी जास्त झालं की अंजीर फुटतं, गोडी उतरते. मीठा बहार ज्या गोडीसाठी धरतो तीच जाते.

ठिबक तुंबणार, हे धरूनच चाला. आधी सँड फिल्टर, त्याच्यापुढे डिस्क फिल्टर, आणि दर आठवड्याला नळ्यांची टोकं उघडून पाणी जोरात सोडायचं. पहिल्यांदा काळी, बुळबुळीत तार बाहेर येईल. घाबरू नका. ती आली नाही तरच ड्रीपर बघायला हवेत.

तपासणीबद्दल. दोन वेगळ्या तपासण्या असतात आणि लोक एकच करून मोकळे होतात. कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी प्रयोगशाळेत सामू (पीएच), ईसी, सोडियम, क्लोराइड, बोरॉन कळेल. जंतूंची तपासणी, म्हणजे ई. कोलाय किंवा फीकल कोलिफॉर्म या विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंची मोजणी, वेगळ्या प्रयोगशाळेत होते. तिची निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच आणायची, आतून विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. कच्च्या खायच्या भाज्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ साली घातलेली मर्यादा अशी होती: १०० मिलिलिटरमध्ये फीकल कोलिफॉर्म १,००० पेक्षा जास्त नको आणि लिटरमध्ये जंताचं अंडं एकापेक्षा जास्त नको. ढोबळ तुलनेला तो आकडा आजही उपयोगी आहे. एकाच दिवसाचा नमुना नको. एक फेस असताना, एक नसताना, एक पहिल्या पावसानंतर. धातूंची तपासणी महाग पडते, ती आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून करा. पाणी सगळ्यांना एकाच पाइपातून येतंय, अहवालही एकच पुरेल.

आता तो दुसरा प्रश्न, लोकांना सांगायचं का. मुलगा म्हणतो सांगू नकोस. त्याची भीती मला कळते. चाळीसातली दहा घरं तुटतील, घरचं गणित कोलमडेल, असं त्याला वाटतंय. पण ती चाळीस घरं मंडईत न जाता तुमच्याकडून का घेतात? माल कुठल्या शेतातला आहे हे त्यांना ठाऊक असतं म्हणून. तेवढीच तुमची पुंजी. उद्या त्यातलं कुणी फिरायला गावाकडे आलं आणि पाइपातून पडणारा फेस पाहिला, तर त्या दिवशी काही सांगून उपयोग होणार नाही. मंडईत माल टाकणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. तुम्हाला पडलाय, कारण तुम्ही त्या माणसांना नावानं ओळखता.

सांगायचं ते माफी मागितल्यासारखं नाही, आणि जाहिरातीसारखंही नाही. शनिवारच्या यादीबरोबर पाठवता येईल असा मजकूर लिहून देते, तुमच्या शब्दांत फिरवून घ्या:

“नमस्कार. आमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. यंदापासून अंजिराच्या बागेला नदीवरून आलेलं पाणी ठिबकनं देणार आहोत. त्या नदीत शहराचं सांडपाणी मिसळतं. पाणी शेततळ्यात मुरवून घेतो, फळाला लागू देत नाही, पडलेलं फळ विकत नाही. पाण्याचे तपासणी अहवाल सोबत आहेत. पालेभाजीला ते पाणी देत नाही, ती विहिरीवरच आहे, म्हणून उन्हाळ्यात कमी येईल. अंजीर खाण्याआधी वाहत्या पाण्यात धुऊन घ्या. काही विचारायचं असेल तर फोन करा, बाग बघायला या.”

काही जण सोडून जातील. जाऊ द्यावेत. विचारणाऱ्यांना खरं उत्तर देता येईल, आणि तुमच्या मुलालाही ऑफिसात त्या माणसांच्या शेजारी बसून डबा खाताना बरं वाटेल.

उन्हाळ्यात पालेभाजी कमी आली तर त्या एकरात काय, हेही तुमच्या मनात असेल. शेवगा लावून बघा. उंच झाड, शेंग शिजवूनच खायची, ठिबकवर येतो. दुधी, दोडका, कारली मांडवावर घेतलीत तर फळ जमिनीला लागत नाही आणि तीही शिजवूनच खातात. टोमॅटो हवाच असेल तर तारेवर बांधलेला, खालचा पहिला घोस काढून टाकलेला, आणि शेवटच्या आठवड्यात विहिरीचं पाणी. काढलेला माल धुवायला मात्र कधीही पाटाचं पाणी नको. रात्री जुड्या ताज्या राहाव्यात म्हणून जे पाणी शिंपडता तेही विहिरीचं हवं. शेतात सगळं पथ्य पाळून शेवटी जुडी पाटात बुचकळली तर आधीचा एकही अडसर कामाचा राहत नाही.

पैसे भरायचे का? मी असते तर मालकांना सांगितलं असतं: वाटा घ्या, पण अंजिरापुरता आणि मांडवाच्या भाज्यांपुरता. पाइपलाइनच्या पैशांबरोबर दोन कप्प्यांचं अस्तर केलेलं तळं आणि फिल्टर यांचेही पैसे आजच बाजूला काढा. ते आज काढता येत नसतील तर यंदा थांबा, एक बहार कमी घ्या. आधी पाणी चालू करू, तळं पुढच्या वर्षी, असं ठरलं की ते पुढचं वर्ष येत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि ज्या आठ-दहा जणांच्या बांधाला हे पाणी लागतं, त्यांनी मिळून वर एक लेखी मागणी करा: पाणी सोडणाऱ्यांनी दर महिन्याची तपासणी गावात फलकावर लावावी. शहराला त्याचं सांडपाणी कुणीतरी घ्यायला हवंच आहे. घेणाऱ्यानं ते तपासून मागण्यात गैर काही नाही.

पहिले नमुने या आठवड्यात द्या, महिनाअखेरच्या आत अहवाल हातात पडतील. आकडे आले की मला कळवा, विहिरीचे आणि पाइपाचे दोन्ही. आणि ते चार वाफे मोडू नका. त्यातली मेथी यंदा शनिवारच्या पिशव्यांतही जाऊ द्या, घरटी अर्धीच जुडी आली तरी चालेल.